टिटवीचा सातबारा

पेट पास होऊन आराखडा लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न हमखास येतो. विषय साधा असतो. "कडा परिसरातील पक्षी", "आष्टी तालुक्यातील पाझर तलावांवरचे पक्षी" असं काहीतरी. यादी करायची आणि प्रत्येक पक्ष्यासमोर शास्त्रीय नाव लिहायचं, एवढंच काम. आणि नेमकी इथेच गाडी अडते. सलीम अलींच्या पुस्तकात एक नाव, ग्रिमेट आणि इन्स्किप यांच्या पुस्तकात दुसरं, ईबर्डवर तिसरं. कॉलेजच्या कपाटातलं धूळ खाणारं इंग्रजी आमदनीतलं पुस्तक उघडलं तर चौथंच. मग विचारतात, "यातलं बरोबर कोणतं? शास्त्रीय नाव म्हणजे जगभर एकच असतं ना?"

"नवीन पुस्तक बरोबर, जुनं चूक" हे उत्तर सोपं आहे, आणि बरेच गाईडसुद्धा तेच देतात. मला ते पटत नाही. यातली बहुतेक नावं आपापल्या काळात, त्या वेळच्या नियमांप्रमाणे बरोबरच होती. ती का बदलली याला इतिहास आहे, आणि तो माहीत नसेल तर जुन्या नोंदींशी आजच्या नोंदींची तुलना करताना आपण फसतो. ज्यांच्या संशोधनात "पूर्वी आणि आता" असे दोन शब्द येणार आहेत, त्यांनी तर हे नीट समजून घ्यायलाच हवं.

उदाहरण टिटवीचं घेऊ. टिटवी माहीत नाही असा माणूस आपल्या भागात सापडायचा नाही. रात्रीबेरात्री रानातून ओरडत जाते, अंडी उघड्या ढेकळात घालते, आणि ती अंडी कुठं घातली यावरून पावसाचा अंदाज बांधणारे शेतकरी अजून आहेत. आज तिचं शास्त्रीय नाव आहे व्हॅनेलस इंडिकस. हा झाला तिचा सातबारा, म्हणजे आजची नोंद. पण सातबारा बघून जमीन कुणाकडून कुणाकडे गेली हे कळत नाही. त्यासाठी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही उघडावी लागते. टिटवीचे फेरफार बघा.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्यूफाँ यांनी पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यासोबत हजारावर रंगीत चित्रं निघाली. चित्रं अप्रतिम होती, पण ब्यूफाँना लिनियसची दोन शब्दी नावं मान्य नव्हती. त्यांनी सगळी नावं फ्रेंचमध्येच दिली. १७८३ मध्ये पीटर बोडार्ट या डच माणसानं एक छोटी पुस्तिका काढली. त्यात या चित्रांची यादी होती आणि चित्रांतल्या प्राण्यांना लिनियसच्या पद्धतीची नावं होती. गोव्याहून आलेल्या आपल्या टिटवीला त्यानं ट्रिंगा इंडिका म्हटलं. पुस्तिकेच्या प्रती फार थोड्या निघाल्या आणि ती जवळपास विसरली गेली. सहा वर्षांनी, १७८९ मध्ये, ग्मेलिन या जर्मन विद्वानानं लिनियसच्या ग्रंथाची वाढीव आवृत्ती काढताना याच टिटवीला पारा गोएन्सिस असं नाव दिलं. गोएन्सिस म्हणजे गोव्याची. ग्मेलिनचा ग्रंथ मात्र सगळीकडे पोचला.

पुढची ऐंशी-नव्वद वर्षं "गोव्याची" हेच नाव चाललं. लष्करी डॉक्टर जर्डन यांनी १८६२ ते १८६४ दरम्यान भारतातल्या पक्ष्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात टिटवी ८५५ क्रमांकावर आहे आणि तिचं नाव आहे लोबिव्हॅनेलस गोएन्सिस. जीनस तेवढा बदललाय. गालापुढे लोंबणारी लाल कातडी असलेल्या टिटव्यांचा जीनस तोवर वेगळा काढला होता.

मग १८७४ मध्ये टेगेटमायर नावाच्या इंग्रज गृहस्थानं बोडार्टची ती विसरलेली पुस्तिका पुन्हा छापली. आणि एकदम गडबड उडाली. प्राण्यांच्या नावांच्या बाबतीत मुख्य नियम अग्रक्रमाचा. एकाच जातीला दोन नावं दिली गेली असतील तर जे आधी छापलं ते खरं. बोडार्ट १७८३, ग्मेलिन १७८९. म्हणजे "गोव्याची" गेली आणि "भारतीय" आली. टिटवी जिथल्या तिथं होती. तिच्याबद्दल नवीन काहीच कळलं नव्हतं. फक्त एक जुना कागद सापडला होता. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित जमिनीचा वाद चाललाय, त्यांना एका जुन्या कागदानं काय होतं हे सांगायला नको.

१८९८ मध्ये ब्लॅनफर्डनं 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालिकेचा पक्ष्यांवरचा चौथा खंड काढला. त्यात टिटवी सार्कोग्रामस इंडिकस झालेली दिसते. जातीचं नाव बोडार्टचं, जीनस पुन्हा वेगळा. १९२८ मध्ये व्हिस्लरच्या लोकप्रिय पुस्तकात ती लोबिव्हॅनेलस इंडिकस आहे. १९५८ मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयाच्या पत्रिकेत वॉल्टर बॉक यांचा प्लोव्हर पक्ष्यांच्या जीनसांवरचा मोठा लेख आला. कातडी लोंबते की नाही, पंखावर काटा आहे की नाही, मागचं बोट आहे की नाही, असल्या एकेका खुणेवरून टिटव्यांचे डझनभराहून जास्त जीनस केले गेले होते. बॉक म्हणाले, या खुणा इतक्या उलटसुलट विखुरल्या आहेत की त्यांवरून नातं ठरत नाही. सगळ्या टिटव्या व्हॅनेलसमध्ये घाला. सलीम अली आणि रिप्ली यांच्या दहा खंडी हँडबुकचा दुसरा खंड १९६९ मध्ये निघाला. त्यात टिटवी व्हॅनेलस इंडिकस आहे, आणि तेच आजही आहे.

म्हणजे गोएन्सिसचं इंडिकस झालं ते कागदामुळे. लोबिव्हॅनेलसचं व्हॅनेलस झालं ते नात्याबद्दलचं मत बदलल्यामुळे. ही दोन कारणं पूर्ण वेगळी आहेत आणि नव्वद टक्के गोंधळ ती एकत्र मिसळल्यानं होतो. शास्त्रीय नावाकडून आपण एकाच वेळी दोन कामं करून घेतो. एक, पक्ष्याला ओळखपत्र देणं. दुसरं, त्याचे भाऊबंद कोण ते सांगणं. ओळखपत्रानं बदलू नये अशी आपली अपेक्षा असते. पण नात्यांबद्दलची माहिती वाढली की दुसरं काम पहिल्याला बदलायला भाग पाडतं. लिनियसची ही सोय हुशारीची होती, पण तिची किंमत आपण पावणेतीनशे वर्षं भरतोय.

(जाता जाता. परिभाषा कोशात जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात. वर्तमानपत्रं मात्र स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. म्हणून मी इथं सरळ जीनस आणि जाती असे शब्द वापरतोय. तुमच्या प्रबंधात काय वापरायचं ते गाईडला विचारा, पण शेवटपर्यंत एकच वापरा.)

ट्रिंगा इंडिका आणि व्हॅनेलस इंडिकस. इंडिकाचं इंडिकस का झालं? तर लॅटिन व्याकरणामुळे. आपण पांढरा घोडा, पांढरी घोडी, पांढरं घोडं म्हणतो, तसंच. जीनसचं नाव हे नाम, त्याला लिंग असतं. जातीचं नाव विशेषण असेल तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे चालतं. जीनस बदलला आणि लिंगही बदललं, तर शेपूट बदलतं. चिरक हा आपल्याकडचा काळा, शेपटी वर करून कुंपणावर बसणारा पक्षी. हँडबुकमध्ये तो सॅक्सिकोलॉइडीस फुलिकाटा आहे. पुढे २००२ मध्ये डेव्हिड आणि गॉसेलिन या दोघांनी पक्ष्यांच्या नावांची लिंगं तपासून लेख लिहिले. त्यानंतरच्या याद्यांत तोच चिरक फुलिकाटस झालेला दिसतो, कारण 'ऑइडीस'नं संपणारी जीनसनावं पुल्लिंगी धरायची असा नियम आहे. त्यानंतर काही याद्यांनी जनुकीय अभ्यासावरून त्याला दयाळाच्या जीनसमध्ये, कॉप्सिकसमध्ये टाकलं. काहींनी ठेवला तिथंच. अशा नुसत्या शेपटाच्या बदलाला शास्त्रीय अर्थ काहीच नाही. पण एक्सेलला हे कळत नाही. त्याला फुलिकाटा आणि फुलिकाटस दोन वेगळे पक्षी वाटतात, आणि तुमच्या जातींची संख्या एकानं वाढते.

आता नावापुढचा कंस. व्हॅनेलस इंडिकस (बोडार्ट, १७८३) असं लिहितात. पण मोर लिहिताना पॅव्हो क्रिस्टॅटस लिनियस, १७५८ असं कंसाशिवाय. हा छपाईचा फरक नाही. कंस असेल तर समजायचं की ज्यानं नाव दिलं त्यानं ते वेगळ्या जीनसमध्ये दिलं होतं. म्हणजे पक्ष्याचं घर बदललंय. कंस नसेल तर पक्षी अजून मूळ घरीच आहे. आपल्या बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. तिथला मोर लिनियसच्या काळापासून एकाच नावानं नांदतोय. असे भाग्यवान पक्षी थोडे.

हा कंस किती बोलतो त्याचा नमुना म्हणजे गायबगळा. नांगरटीमागे, गुरांच्या पायात फिरणारा. लिनियसनं १७५८ मध्ये त्याला आर्डिया आयबिस म्हटलं होतं. नंतर तो बुबुल्कस या स्वतंत्र जीनसमध्ये गेला, लिनियसचं नाव कंसात गेलं, आणि दीड शतकाच्या आसपास तसंच राहिलं. आपल्या पुस्तकांत तो बुबुल्कस आयबिस म्हणूनच भेटतो. आपल्याकडच्या गायबगळ्याला बोडार्टनं, हो, त्याच पुस्तिकेत, वेगळं नाव दिलं होतं. कॅन्क्रोमा कोरोमँडा, म्हणजे कोरोमंडलचा. जर्डन त्याला ब्युफस कोरोमँडस म्हणतात, स्वतंत्र जात मानून. विसाव्या शतकात मत फिरलं आणि तो आयबिसची उपजात झाला, बुबुल्कस आयबिस कोरोमँडस. २००५ मध्ये रासमुसेन आणि अँडरटन यांनी दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथात त्याला पुन्हा स्वतंत्र जात केलं. विणीच्या दिवसांतला डोक्यामानेवरचा नारिंगी रंग आणि आवाज, दोन्ही वेगळे. आणि आता अलीकडे बुबुल्कस हा जीनसच मोडून गायबगळे परत आर्डियात गेले. आपला झाला आर्डिया कोरोमँडा. आर्डिया स्त्रीलिंगी, म्हणून 'डस'चं 'डा'. आफ्रिका-युरोपातला झाला आर्डिया आयबिस लिनियस, १७५८. त्याचा कंस निघाला! अडीचशेहून जास्त वर्षांनी माणूस गावी परतावा तसा.

असंच परतणं सातभाईंच्या एका जातीचंही झालंय, आणि ती गोष्ट आपल्या दख्खनची आहे. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. पुणे, नगर, खानदेश, धारवाड असा मुलूख त्यानं पालथा घातला. कडा तेव्हा निजामाच्या हद्दीत, पण नगर इथून हाकेच्या अंतरावर, रान आणि माळ तोच. पीकपाणी, लोकसंख्या, हवामान मोजता मोजता साइक्सनं पक्षीही जमवले आणि १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. त्यात बरेच पक्षी विज्ञानाला नवे होते. नावं देताना त्यानं इथल्या मातीतले शब्दही घेतले. एका चंडोलाला 'देवा' म्हटलं, एका वटवट्याला 'रामा'. करड्या रंगाच्या मोठ्या सातभाईला मात्र मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचं नाव दिलं, टिमालिया माल्कमाय. साहेबाला खूश ठेवायची पद्धत जुनीच आहे.

हा सातभाई जर्डनकडे मॅलॅकोसर्कस झाला. १८८९ मध्ये 'फॉना'च्या पहिल्या खंडात ओट्सनं त्याला आर्ग्यामध्ये टाकलं. हँडबुकच्या काळात आर्ग्या मोडीत निघून तो टर्डॉइडीस झाला, आणि आपण सगळे टर्डॉइडीस माल्कमाय पाठ करून एमएस्सी झालो. २०१८ मध्ये सिब्वा आणि सहकाऱ्यांनी सातभाई आणि कस्तुरवर्गीय पक्ष्यांची जनुकीय वंशावळ मांडली. टर्डॉइडीसमध्ये कोंबलेले सगळे पक्षी एका शाखेचे नाहीत असं दिसलं. मोठा गट वेगळा काढावा लागला, आणि त्याला नाव कोणतं? आर्ग्या. ओट्स चोच, पीस आणि शेपटी बघत होता, सिब्वा डीएनए. जुनं पुस्तक चूक म्हणणाऱ्यांनी इथं थोडं थांबावं. या सगळ्यात 'माल्कमाय'चं शेपूट कधीच हललं नाही, कारण ते विशेषण नसून 'माल्कमचा' अशी षष्ठी आहे.

इथपर्यंत नावं बदलली तरी पक्षी तोच होता. फेरफार नोंदी नीट लावल्या की हिशोब जुळतो. खरा घोळ यापुढे आहे.

साइक्सचा 'रामा' घ्या. हिवाळ्यात बाभळी-बोरीच्या झुडपांत येणारा, मातकट, चटकन नजरेत न भरणारा पाहुणा. साइक्सनं त्याला सिल्विया रामा म्हटलं. ओट्सनं वेगळी जात मानली. हँडबुकमध्ये तो हिप्पोलाइस कॅलिगाटा या जातीची एक उपजात आहे, हिप्पोलाइस कॅलिगाटा रामा. आज कॅलिगाटा आणि रामा या दोन स्वतंत्र जाती आहेत. २००९ च्या जनुकीय अभ्यासानंतर दोघेही इडुना या जीनसमध्ये गेले, म्हणून इडुना रामा (साइक्स, १८३२). हे दोन्ही पक्षी हिवाळ्यात आपल्या द्वीपकल्पात येतात. दुर्बिणीतून दोघांना वेगळं करणं जाणकारांनाही जड जातं.

आता समजा तुम्हाला १९७० किंवा ८० च्या दशकातली एक यादी मिळाली. त्यात लिहिलंय, "हिप्पोलाइस कॅलिगाटा, सामान्य". आज ती नोंद कुठं टाकाल? इडुना कॅलिगाटामध्ये? नाव जुळतंय म्हणून बहुतेक जण तेच करतात, आणि तिथंच फसतात. त्या काळी कॅलिगाटा या शब्दाच्या पोटात दोन्ही पक्षी होते. नाव तेच राहिलं, पण त्याची हद्द आकसली. गटाची वाटणी होऊन अर्धी जमीन भावाच्या नावावर गेली तरी गट नंबर तोच दिसावा, तसं. मग तुमच्या तक्त्यात दिसतं की पूर्वी इथं रामा नव्हता, आता आला. त्यावर कुणी हवामान बदलाचा निष्कर्षही काढेल. पक्षी बिचारा निदान साइक्सच्या आधीपासून इथं येतोय.

आपल्यासाठी हे किती जवळचं आहे ते सांगतो. कडा, आष्टी, सगळा बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाचं पक्षी सर्वेक्षण केलं, आणि ते व्हिस्लरच्या टिपणांसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९३३-३४ च्या दरम्यान क्रमशः छापून आलं. त्याआधी १८७८ मध्ये डेव्हिडसन आणि वेन्डेन यांनी ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात दख्खनच्या पक्ष्यांवर मोठा लेख लिहिला, १८८१ मध्ये बटलरनं दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखाची यादी दिली. या भागातले पक्षी शंभर-दीडशे वर्षांत कसे बदलले हे विचारायचं असेल तर आधार हाच आहे, दुसरा नाही. आणि यातल्या प्रत्येक कागदाची नावं वेगळ्या पद्धतीची. 'स्ट्रे फेदर्स'मध्ये जर्डनचे क्रमांक देतात. तो क्रमांक म्हणजे तुमच्यासाठी सोनं, कारण नाव काहीही असो, ८५५ म्हणजे टिटवी. सलीम अलींच्या सर्वेक्षणात तीन शब्दी नावं आहेत, कारण स्टुअर्ट बेकरच्या १९२२ पासून निघालेल्या आवृत्तीनं उपजातींची तीन शब्दी पद्धत इकडे रुळवली होती. यादी उतरवून घेताना बरेच जण तिसरा शब्द गाळतात. "उपजात कशाला हवी?" असं म्हणतात. ते करू नका. उद्या ती उपजात जात झाली, तर तुमच्याकडे पुरावा तो तिसरा शब्दच असणार आहे.

नियमांचाही थोडा इतिहास, कारण मुलाखतीत विचारतात. १८४२ मध्ये स्ट्रिकलंड यांच्या पुढाकारानं ब्रिटनमध्ये नावांचे नियम झाले, त्या समितीत डार्विनही होते. त्यांनी सुरुवात लिनियसच्या १७६६ च्या बाराव्या आवृत्तीपासून धरली. पुढे ती १७५८ च्या दहाव्या आवृत्तीवर आली. नियमातच तारीख सरकल्यावर नावं सरकणारच. आज जी आंतरराष्ट्रीय संहिता लागू आहे तिची चौथी आवृत्ती २००० च्या १ जानेवारीपासून अमलात आली. बोडार्टसारखा धक्का पुन्हा बसू नये म्हणून तिच्यात सोय आहे. जुनं नाव १८९९ नंतर कुणीच वैध म्हणून वापरलेलं नसेल आणि नवं नाव गेल्या पन्नास वर्षांत निदान दहा लेखकांनी पंचवीस ठिकाणी वापरलं असेल, तर जुन्या कागदाला बाजूला ठेवता येतं. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. कागद जुना आहे एवढ्यावरून सगळ्यांची वहिवाट मोडू नये.

ही संहिता नाव कोणतं हे ठरवते. जाती किती, हे ठरवत नाही. ते मत असतं, आणि म्हणून याद्या वेगळ्या. ग्रिमेट आणि इन्स्किप यांच्या १९९८ च्या पुस्तकानं सिब्ली आणि मन्रो यांच्या डीएनएवर आधारलेल्या मांडणीची वाट धरली, म्हणून ते हँडबुकपेक्षा इतकं वेगळं दिसतं. ईबर्ड क्लेमेंट्सची यादी पाळतं आणि ती साधारण दरवर्षी बदलते. तुम्ही २०२३ मध्ये नोंदवलेला गायबगळा आज तिथं दुसऱ्याच नावानं दिसेल, तुम्ही काहीही न करता. आयओसीची यादी वेगळी. बर्डलाइफनं फरकांना गुण देण्याची पद्धत घेतली होती, सात गुण मिळाले तर स्वतंत्र जात. भारतापुरती यादी प्रवीण, जयपाल आणि पित्ती यांनी २०१६ मध्ये 'इंडियन बर्ड्स'मध्ये दिली, तेव्हा १२६३ जाती होत्या. आणि जून २०२५ मध्ये या मोठ्या याद्यांच्या लोकांनी एकत्र येऊन अ‍ॅव्हीलिस्ट नावाची एक यादी काढली, ११,१३१ जातींची. आता वाद मिटले असं म्हणणार नाही, पण वाद एका टेबलावर आले हेही कमी नाही.

कायद्याचं गाडं याहून सावकाश चालतं. माळढोकसाठी १९७९ मध्ये शेजारच्या नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत अभयारण्य झालं. ब्लॅनफर्डच्या पुस्तकात माळढोक युपोडोटिस एडवर्डसाय आहे, हँडबुकमध्ये कोरिओटिस निग्रिसेप्स, आज आर्डिओटिस निग्रिसेप्स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत कोरिओटिसच होतं, आणि पक्षीशास्त्रानं ते नाव सोडल्यावरही कितीतरी वर्षं राहिलं. फक्त आर्डिओटिस टाकून इंटरनेटवर शोध घेतला तर जुने लेख आणि जुने सरकारी कागद हाती लागत नाहीत. तिन्ही नावं टाकून शोधा.

मग यादीत काय लिहायचं? कोणतीही एक यादी धरा, तिचं नाव आणि आवृत्तीचं वर्ष पद्धतीच्या प्रकरणात पहिल्याच पानावर लिहा, आणि शेवटपर्यंत तीच पाळा. अर्धी नावं हँडबुकमधून आणि अर्धी ईबर्डवरून ही खिचडी परीक्षकाला लगेच कळते. नावापुढे लेखक आणि वर्ष लिहायचा कंटाळा करू नका. "बोडार्ट, १७८३" हा नावाचा आधार क्रमांक आहे. जीनस बदलेल, शेपूट बदलेल, तो बदलत नाही. जुन्या नोंदींसाठी वेगळा तक्ता करा. एका रकान्यात मूळ कागदात जसं छापलंय तसं नाव, स्पेलिंगच्या चुकीसकट. दुसऱ्यात तो कागद कोणत्या ग्रंथाची पद्धत पाळतो ते. तिसऱ्यात आजचं नाव. जर्डन, 'फॉना', 'स्ट्रे फेदर्स', सोसायटीचं जुनं जर्नल, यातलं बरंचसं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतं. पूर्वी यासाठी मुंबईला जाऊन ग्रंथालयात बसावं लागायचं, आता कड्यात मोबाईलवर उघडतं. कोणत्या यादीत कोणतं नाव आहे हे समोरासमोर बघायचं असेल तर अ‍ॅव्हीबेस उपयोगी पडतं.

आणि तो तिसरा रकाना काही ठिकाणी भरताच येणार नाही. 'हिप्पोलाइस कॅलिगाटा' पुढे तिसरा शब्द नसेल आणि नमुना कुठल्या संग्रहालयात ठेवलेला नसेल, तर तिथं "इडुना कॅलिगाटा किंवा इडुना रामा" असं लिहायचं आणि जातींच्या संख्येत ती नोंद एकदाच धरायची. गाईड म्हणतील, एक काहीतरी ठरवून टाका. नमुना असेल तर जरूर ठरवा. पंखाची, शेपटीची, चोचीची मापं घेऊन तो आजही ओळखता येतो, आणि साइक्सपासूनचे असे नमुने मुंबईला आणि इंग्लंडमध्ये कपाटांतून जपून ठेवलेले आहेत.